बरक्या फणसाची सांदणं आत चिकट राहतात: प्रमाण चुकतंय की रवा?

खाडीपलीकडे

नमस्कार मंडळी. गुहागरला आमच्याकडे घरगुती जेवणाच्या पंगती होतात. मे अखेरीस २५ पानांचा बेत आहे आणि पाहुण्यांनी बजावून सांगितलंय की लहानपणी आजोळी मिळायचं ते गोड हवं. आमरस नको, गुलाबजाम तर नकोच. म्हणून सांदणं (फणसाच्या रसात तांदळाचा रवा कालवून वाफवलेल्या गोड इडल्या) ठरवली आहेत, पण नमुन्याचा घाणा जमला नाही.

केलं ते असं: बरक्या (मऊ, रसाळ) गऱ्यांचा मिक्सरमधून रस, त्याच्या बरोबरीने दुकानातला इडली रवा, रव्याच्या निम्मा गूळ. सगळं कालवून दहा मिनिटांत इडलीपात्रात. वरून कोरडी, मध्ये चिकट, आणि शिवाय रवा दाताखाली कचकचतो. सोबतचं नारळाचं दूध गूळ घालून गरम केलं तर फुटलं. वर चोथा, खाली पाणी.

तर सांदणांत नक्की काय बिघडतं ते सांगा, आणि दुधाचंही. बरका मिळाला नाही तर कापा (घट्ट गऱ्यांचा फणस) चालेल का? आणि हेच लोक गणपतीनंतर पुन्हा यायचे आहेत. तेव्हा फणस नसणार, मग त्याच जातकुळीतलं दुसरं काय करावं?

कातळसडा

प्रमाण फार चुकलेलं नाही. इडली रवा, मिक्सर आणि घाई, या तिघांनी मिळून घोटाळा केलाय.

आधी रवा. दुकानातला इडली रवा बहुतेक वेळा उकड्या तांदळाचा असतो. एकदा शिजून वाळलेला दाणा तो, रस सावकाश पितो. दहा मिनिटांत त्याच्या पोटात काही शिरत नाही. मग वाफेवर बाहेरच्या रसाची खळ होते आणि कण आतून टणकच राहतो. चिकट आणि कचकचीत अशी दोन्ही लक्षणं एकदम दिसतात ती यामुळे. दुसरा रवा नसेलच तर हा किमान दोन तास भिजवा, रसही वाटीमागे दोन-तीन चमचे जास्त घाला. तरी पोत थोडा भरडच येणार.

खरी सांदणं सुरय (न उकडलेल्या) तांदळाच्या कणीची. तांदूळ धुऊन रोवळीत निथळत ठेवा, मग पंचावर पसरून सावलीत वाळवा. हाताला ओल लागेनाशी झाली की मिक्सरला थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलं की पीठ जास्त पडतं. उपम्याच्या रव्याइतका दाणा हवा. यानंतरची पायरी बरेच जण गाळतात: ही कणी पिठाच्या बारीक चाळणीतून चाळून खाली पडेल ते पीठ बाजूला काढा. ते राहिलं तर सांदण जाळीदार न होता गच्च बसतं. काढलेलं पीठ घावण्यांना वापरा.

आता रस. हाताला आणि विळीला खोबरेल चोळून घ्या, साबणाने चीक निघत नाही. गऱ्यातली आठळी काढताना तिच्यावरची पातळ पातीही काढा. मग जाड चाळणीवर किंवा पालथ्या रोवळीवर गरे घेऊन तळहाताने गोल रगडा. तंतू वर राहतात, रस खाली उतरतो. मिक्सरमध्ये हेच तंतू चिरून रसात मिसळतात आणि रस बुळबुळीत होतो. वर हवा भरते, त्यामुळे वाटी भरलेली दिसते पण रस कमी असतो.

प्रमाण: २ वाट्या कणी, २ वाट्या रस, १ वाटी चिरलेला गूळ (गरे मधासारखे गोड असतील तर पाऊण), अर्धी वाटी ओलं खोबरं, पाव चमचा मीठ, २ चमचे कढवलेलं तूप. साधारण १६ सांदणं होतात. गूळ आधी रसात पूर्ण विरघळू द्या, गाळा, मगच कणी घाला. खडा राहिला तर त्या जागी ओला खड्डा पडतो. गूळ यापेक्षा वाढवू नका. तो पाणी धरून ठेवतो, कणीला नीट फुलू देत नाही, आणि कितीही उकडलं तरी मध्ये लगदा राहतो.

सुरय कणीला पाऊण ते एक तास भिजवण पुरते. फणसाफणसाच्या रसात फरक असतो, म्हणून वाटीचं माप सुरुवातीपुरतं धरा आणि भिजल्यावर पळीने बघा. पीठ धारेने पडलं तर पातळ, मूठभर कणी घालून अजून पंधरा मिनिटं थांबा. थप्पकन पडून दोन क्षणांत कडा सपाट झाल्या तर बरोबर. गोळा उभाच राहिला तर दोन-तीन चमचे नारळाचं दूध.

वाट्यांना तूप लावून पाऊण भरा. पाण्याला खळखळून उकळी आल्याशिवाय पात्र आत ठेवायचं नाही. झाकणाला फडकं बांधा, नाहीतर वाफेचे थेंब पडून वरचा थर चिकचिकीत होतो. इडलीपात्रात १५ ते १८ मिनिटं, थाळीत थापून वड्या पाडणार असाल तर २५. सुरी टोचल्यावर किंचित ओलसर निघणारच, गूळ आहे त्यात. तिला पीठ चिकटलेलं दिसायला नको, एवढंच. काढायची घाई नको, कोमट झाल्यावर सोडवा.

तिरफळ

वरच्या बहुतेक सगळ्याला मान. एकाच बाबतीत मत वेगळं: कणी तुपावर भाजून घ्या. मंद आचेवर पाच-सहा मिनिटं, रंग न बदलता, खमंग वास सुटेपर्यंत. भाजलेल्या कणीचे दाणे एकमेकांना धरत नाहीत, सांदण हलकं होतं आणि थोडं पीठ चाळायचं राहून गेलं तरी निभावतं. २५ पानांचं काम आहे, तिथे ही खबरदारी बरी. भाजलेली कणी पूर्ण गार करूनच रसात घाला. गरम घातली तर रसाशी येणारा भाग लगेच फुगतो आणि गुठळ्या होतात.

काप्याबद्दल: चालतो, पण त्याचा रस निघत नाही. गरे चिरून, अगदी थोडं नारळाचं दूध घालून वाटावे लागतात. तो गर घट्ट, म्हणून वाटीभर गराला पाव वाटी नारळाचं दूध वाढवा. गोडी चांगली येते, वास बरक्याइतका भरत नाही. पंगतीला बरकाच शोधा, काप्याचे गरे नुसते खायला ठेवा.

बरका पिकलाय का ते बघताना काटे बघा. बोथट आणि एकमेकांपासून दूर झालेले दिसतात, बोट दाबलं की साल आत जाते, थोपटल्यावर आवाज बद्द येतो. पिकलेला बरका हातानेच उघडतो, सुरी लावावी लागत नाही. आणि मे अखेर म्हणताय तर पावसाकडे लक्ष असू द्या. दोन-चार जोराच्या सरी पडून गेल्या की गरे पाणचट होतात. तसा रस मिळाला तर जाड बुडाच्या पातेल्यात दहा मिनिटं आटवून, गार करून वापरा. खाली लागतो पटकन, उलथनं सोडू नका.

खायचा सोडा कुणी सुचवेल. नको. गुळाबरोबर रंग काळपट होतो आणि मागे खारट चव राहते.

माजघर

नारळाच्या दुधाचं मी सांगते. त्यातली प्रथिनं साधारण ८० अंशांवर साकळायला लागतात आणि गूळ जरा आंबूस असला की त्याहून लवकर. चुलीवर दूध-गूळ एकत्र चढवलं की फुटणं ठरलेलं. उपाय सोपा आहे, गूळ आणि दाट दूध यांची गाठ आचेवर पडू द्यायची नाही.

एका नारळाचं ओलं खोबरं वाटीभर कोमट पाणी घालून वाटा, पंच्यातून पिळा. हे दाट दूध, बाजूला ठेवा. चोथ्यात पुन्हा वाटीभर पाणी घालून दुसरं दूध काढा. दुसऱ्या दुधात अर्धी वाटी गूळ घालून फक्त विरघळण्यापुरतं कोमट करा, गाळा (गुळात वाळू आणि काड्या असतातच), पूर्ण गार करा. मग दाट दूध, वेलची आणि चिमूटभर मीठ. हा झाला नारळाचा रस. मीठ विसरलात तर रस नुसता गुळमट लागतो.

खोबरं काढताना पाठीची तांबूस साल किसात येऊ देऊ नका, रस मळकट दिसतो. विळीवर खवताना करवंटीजवळ आलं की थांबायचं. नारळ पाण्याने भरलेला पण जून हवा. शहाळ्याकडे झुकणाऱ्या नारळाला दूध सुटत नाही. उलट फार जुन्या, गुडगुड्या झालेल्या नारळाच्या दुधावर तेलाचे थेंब तरंगतात.

खाडीपलीकडे

वा, फार उपयोगी. माजघर, कणी भाजावी की न भाजावी यात तुमचं मत काय? आणि २५ जणांना किती लागेल? पंगत दुपारी एकची आहे. फणसाचा रस आदल्या रात्री काढून ठेवला तर चालेल ना?

माजघर

घरच्यांपुरतं करताना न भाजता, पंगतीला भाजून. न भाजलेली मऊ लागतात, पण गार झाल्यावर लवकर घट्ट होतात. भाजलेली दुपारपर्यंत तशीच राहतात.

कातळसडा

पानामागे दोन आणि वर थोडी, म्हणजे ६० धरा. त्याला साडेसात वाट्या कणी, तितकाच रस, पावणेचार वाट्या गूळ, दोन वाट्यांच्या आसपास खोबरं. सहा-सात किलोच्या एका बरक्यात एवढा रस निघावा, तरी एक फणस हाताशी जास्त ठेवा. कापल्यावर आतून किती गरे निघतील याचा भरवसा नसतो.

आदल्या रात्री रस काढाल तर थेट फ्रीजमध्ये. मे महिन्याच्या उकाड्यात ओट्यावर राहिलेला रस काही तासांत फसफसतो, मग सांदणांना आंबट वास येतो आणि गुळाने तो झाकत नाही. पीठ मात्र रात्री कालवू नका, कणी रस पिऊन दगड होते. सकाळी दहाला भिजवा, अकराला पहिला घाणा. चार घाणे निघाले तरी वेळेत होतं. प्रत्येक घाण्याआधी पीठ तळापासून ढवळा, कणी खाली बसते. हे चुकलं तर पहिली सांदणं पातळ आणि शेवटची विटकरीसारखी.

नारळ सात घ्या. दोन्ही दुधं धरून तीन लिटरच्या आसपास रस होईल, पानाला मोठी वाटीभर. तो मात्र सकाळीच काढा आणि वाढेपर्यंत गार ठेवा. फ्रीजमध्ये वर स्निग्धांश गोठून थर दिसेल. तो नासलेला नाही, पातेलं कोमट पाण्यात ठेवून ढवळलं की मिसळतो. पुन्हा गॅसवर चढवू नका.

वालय

नारळाचा रस एवढा काढणारच आहात तर काही पानांना शिरवाळेही (त्या रसात खायच्या तांदळाच्या शेवया) द्या, मालवणकडचे पाहुणे असतील तर ते आधी तेच विचारतील.

२ वाट्या तांदळाचं पीठ, २ वाट्या पाणी, मीठ, चमचाभर तेल. आधणात पीठ घालून उकड काढा, झाकून पाच मिनिटं, मग गरम असतानाच पाण्याचा हात घेऊन मळा. मुटके वळून उकळत्या पाण्यात सोडा. वर तरंगले तरी लगेच काढू नका, दहा-बारा मिनिटं शिजू द्या. आत कोरडं पीठ राहिलं तर साच्यातून तुकडे पडतात. एकेक मुटका पाण्यातून काढून तसाच वाफाळता शेवग्यात (शेव पाडायच्या साच्यात) घालायचा आणि दाबायचा. लाकडी शेवग्याला दोन माणसं लागतात, एक मुटके पुरवायला, एक दाबायला. पितळी सोऱ्या असेल तर एकाने भागतं, पण बारीक शेवेची ताटली लावा आणि हाताला फडकं गुंडाळा. मुटका गार झाला की कितीही जोर लावा, उतरत नाही. उतरलाच तर शेव तुटते.

पीठ जुन्या तांदळाचं घ्या. नव्या तांदळाचं असेल तर शेव एकमेकांना चिकटून गोळा होते. अशा वेळी पाणी दोन-तीन चमचे कमी.

पाणभात

गणपतीनंतरचं मी सांगतो: धोंडस, म्हणजे तवशाचा (मोठ्या काकडीचा) भाजलेला गोड केक. त्या दिवसांत माळ्यावर मोठी जून तवशी तयार असतात, आणि हळदीची पानंही परसात भरपूर. (सांदणांच्या दिवसांत ही पानं शोधू नका. हळद पावसाच्या तोंडावर लागते, श्रावणात पानं हाताशी येतात.)

तवसं पिवळं पडलेलं, जाड सालीचं घ्या. दोन्ही टोकांचा तुकडा चाखून बघा. कडू लागलं तर सगळं टाकून द्या. गूळ घालून कडूपणा झाकण्याचा प्रकार करू नये, कडू काकडीने पोट बिघडतं. साल, बिया आणि मधला पाणेरी गर काढून किसा. पाणी पिळून फेकायचं नाही, कणी त्यातच शिजते.

३ वाट्या कीस पाण्यासकट, दीड वाटी तांदळाची कणी, सव्वा वाटी गूळ, पाऊण वाटी खोबरं, ३ मोठे चमचे तूप, मीठ, वेलची, ओंजळभर काजूगर. कणी तुपावर गुलाबी भाजा. इथे भाजण्याबद्दल दुमत नाही, कच्च्या कणीचं धोंडस खळीसारखं होतं. दुसरीकडे कीस आणि गूळ उकळी येईपर्यंत शिजवा, त्यात कणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. गोळा कडा सोडायला लागला की खोबरं, काजू, वेलची.

मग जाड बुडाच्या पातेल्यात तळाला आणि बाजूंना हळदीची पानं लावा, वर गोळा थापा, पानाने झाका. चुलीवर असेल तर खाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे, अर्धा-पाऊण तास. गॅसवर पातेल्याखाली जुना तवा ठेवा, आच बारीक, ४० मिनिटं. वरची बाजू फिकी राहते, ती उलटून तव्यावर दहा मिनिटं दिली की रंग धरते. ओव्हन असेल तर १८० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं.

गरम कापू नका, भुगा होतो. पूर्ण गार झाल्यावर, खरं तर दुसऱ्या दिवशी, धारदार सुरीने वड्या पाडा. वर लोण्याचा गोळा. मध्ये ओलं राहिलं तर कारण बहुधा तवशाचं पाणी: पावसाळी तवसं फार पाणीदार असतं, तेव्हा कीस-गूळ उकळताना पाच मिनिटं जास्त आटवा. कणी वाढवून सुधारायला गेलात तर घास घशाखाली उतरत नाही.

तिरफळ

बरक्याचा रस आत्ताच जास्तीचा काढून वाटी-वाटीच्या पिशव्यांत डीप फ्रीझरला टाकला तर गणपतीनंतरही सांदणं होतील. पिशवी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून सुटू द्या, बाहेर नको. सुटलेला रस जरा पातळ होतो, तेवढी कणी दोन चमचे वाढवा. तरी त्या दिवसांत धोंडसच करा असं माझं मत.

खाडीपलीकडे

ठरलं. मे मध्ये भाजलेल्या कणीची सांदणं आणि थोडे शिरवाळे, भाद्रपदात धोंडस. एक शेवटचं. फणस फोडल्यावर आठळ्यांचा ढीग पडेल, त्यांचं काय करू?

माजघर

धुऊन, बुळबुळीतपणा काढून दोन दिवस सावलीत वाळवा. टिकवायच्या तर कोरड्या मातीत किंवा राखेत, पावसाळाभर पुरतात. मोड आलेल्या टाकून द्या, त्या गोडसर आणि गिजगिजीत लागतात.

त्याच पंगतीला वापरायच्या तर प्रत्येकीला सुरीने एक चीर द्या आणि मिठाच्या पाण्यात कुकरला तीन शिट्ट्या. वरचं पांढरं कवच सोलून टाका, आतलं तांबूस साल राहिलं तरी चालतं. अर्ध्या करून अळूच्या फदफद्यात किंवा काळ्या वाटाण्याच्या उसळीत घाला. निखाऱ्यात भाजणार असाल तर चीर दिल्याशिवाय टाकू नका, फटाक्यासारख्या उडतात.